भेंडीचा पेरा मे महिन्यापासून मागे मोजा

संक्रांत झाली की नांदेड-लातूरकडच्या परसबागांत एकच विचारणा सुरू होते: भेंडी, काकडी, दोडका आता लावायचा की थंडी जाऊ द्यायची? जुनी माणसे सांगतात, थंडी महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत जाते, तोवर थांबा. निरीक्षण चुकीचे नाही. पण महाशिवरात्र चंद्राच्या तिथीवर येते. २०२४ मध्ये ती ८ मार्चला होती, २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला आणि २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. दोन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक! जमीन तापते ती सूर्याने, तिथीने नव्हे. खरिपाच्या बाबतीत आपल्या शेतकऱ्यांनी हे केव्हाच ओळखले होते. पावसाची नक्षत्रे सूर्याची धरली, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच निघतो. उन्हाळी भाजीचा हिशेबही असाच सूर्यावर बसवायला हवा, आणि तो शेवटाकडून मांडायला हवा.

बागकामाची बरीच पुस्तके थंड मुलखात लिहिलेली असतात. तिथल्या माळ्याला काळजी असते ती शेवटचे हिम कधी पडेल याची. ते पडून गेले की पुढचे सहा महिने त्याचे. मराठवाड्यात उलटे आहे. परभणीचा पारा काही हिवाळ्यांत पहाटे पाच अंशांच्या खाली उतरतो हे खरे, पण जानेवारी सरता सरता दुपारी तो तिशी गाठू लागतो. आपल्या हंगामाला कुंपण घालतात ते एप्रिल-मे. म्हणून पहिला प्रश्न ‘कधी लावू’ हा नसून ‘विहिरीला किंवा बोअरला पाणी कधीपर्यंत राहील’ हा आहे.

त्याचे गणित साधे आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. आपल्याकडे जानेवारीत उघड्या पाण्याची वाफ दिवसाला चार-पाच मिलिमीटर होते, मे महिन्यात दहा-बारा. भरगच्च वाढलेल्या पिकाची गरज साधारण याच्या जवळपास जाते. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफ्याला जानेवारीच्या हवेत चाळीसेक लिटर पुरतील, तर मे महिन्यात त्याच वाफ्याला शंभराच्या आसपास लागतील. लातूरकरांना पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होते. अशा मुलखात दोन-तीन आठवडे उशिरा लावलेली भेंडी नेमकी तेव्हा भरात येते, जेव्हा घरच्या हंड्यालाही पाणी मोजून मिळते. लवकर पेरणे म्हणजे त्याच पाण्यात जास्त तोडे घेणे.

मग डिसेंबरातच का पेरू नये? कारण बी गार जमिनीत झोपून राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरिंग्टन यांनी वेगवेगळ्या तापमानांत बियाणे किती दिवसांत उगवते याचा तक्ता केला होता, तो आजही जगभर वापरतात. त्यानुसार मातीचे तापमान १५ अंश असेल तर भेंडी वर यायला २७ दिवस लागतात, २० अंशांना १७, २५ अंशांना १३ आणि ३० अंशांना फक्त ७. काकडी तेवढी हट्टी नाही: १५ अंशांना १३ दिवस, २० अंशांना ६. सतरा-अठरा दिवस ओल्या काळ्या मातीत पडलेल्या बियाला बुरशी गाठते, मुंग्या नेतात, आणि उगवलेच तर रोप अशक्त निघते.

इथे आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव आडवा येतो. काळा रंग ऊन भरपूर शोषतो, पण ही चिकण माती पाणी धरून ठेवते आणि पाणी तापायला खूप उष्णता लागते. म्हणून पेरणीआधी भरपूर भिजवलेली काळी राने सकाळी गारच असतात. त्याच गावातली मुरमाड, निचऱ्याची जमीन आठवडाभर आधी तयार होते. सपाट वाफ्यापेक्षा वरंब्याची माती लवकर तापते, आणि वरंबा पूर्व-पश्चिम काढून त्याच्या दक्षिण अंगाला बी टोकले तर हिवाळ्यातले कललेले ऊन थेट त्यावर पडते. हे करायला पैसाही लागत नाही.

मोजायचे कसे? मातीत खुपसायचा थर्मामीटर घ्यावा, पाच सेंटिमीटर खोल लावावा आणि सकाळी आठच्या सुमारास वाचावा. कृषी हवामान वेधशाळांतही पाच, दहा आणि वीस सेंटिमीटर खोलीवर मातीचे तापमान नोंदवतात. सलग तीन-चार सकाळी आकडा १८ च्या वर राहिला, तर भेंडी आणि वेलवर्गीय भाज्या लावायला हरकत नाही, कारण दुपारी तीच माती पुष्कळ वर चढलेली असते. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. ज्यांना आणखी घाई आहे त्यांनी दुधी, कारले, दोडक्याची रोपे जानेवारीच्या सुरुवातीला पिशव्यांत करून रात्री झाकून ठेवावीत. मुळांचा गड्डा न मोडता आळ्यात लावली की तीन आठवडे हातात येतात.

नांदेड आणि लातूर यांना मात्र एकच तारीख लावू नये. नांदेड गोदाकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशे मीटरच्याही वर. उंचीच्या नेहमीच्या हिशेबाने हा फरक दीड-दोन अंशांचा होतो. नांदेडकडे जमीन आधी तापते आणि उन्हाळाही आधी अंगावर येतो, म्हणून तिथे जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा साधावा. लातूर जिल्ह्यातल्या औसा, निलंग्याकडे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबले तरी चालते. त्यातही ओढ्याकाठच्या खोलगट रानात रात्रीची गार हवा साचते. तिथले पहाटेचे तापमान वरच्या माळापेक्षा कमी असते.

‘वेल माजलाय, फुलं मायंदाळ, पण फळ धरत नाही,’ ही तक्रार उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येते. काकडीवर्गात नर आणि मादी फुले वेगळी असतात. लहान दिवस आणि थंड रात्री मादी फुलांना पोषक. दिवस मोठा झाला, ऊन वाढले की नर फुले वाढतात. जानेवारीअखेर लावलेला वेल मार्चमध्ये, रात्री अजून सुसह्य असताना फुलतो. मार्चमध्ये लावलेला वेल मे महिन्यात फुलतो आणि नुसत्या नर फुलांनी भरतो. टोमॅटोचे दुखणे वेगळे: रात्रीचे तापमान चोवीसच्या वर राहू लागले की पराग निकामी होतो आणि फुले गळतात. त्याची रोपे जानेवारीत रानात जायला हवीत, म्हणजे रोपवाटिका डिसेंबरात.

भेंडीला उशिराची आणखी एक शिक्षा मिळते. ऊन तापले की पांढरी माशी वाढते आणि ती केवडा रोगाचा विषाणू पसरवते. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे फिकट आणि निबर होतात. यावर उपाय म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनी आणि भेंडीची एक जंगली बहीण यांच्या संकरातून ‘परभणी क्रांती’ हा वाण तयार केला. साऱ्या देशात तो गाजला, ही मराठवाड्याच्या अभिमानाची गोष्ट आहे. पुढे विषाणूच्या नव्या रूपांपुढे त्याची प्रतिकारशक्ती कमी पडू लागली. वाण कोणताही असो, माशी वाढण्याआधी झाडाला वय मिळवून देणे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे.

लवकर पेरण्यातला एक धोका सांगायलाच हवा, तो गारांचा. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती इथले कुणीच विसरलेले नाही. तापू लागलेली जमीन, समुद्राकडून आलेली ओल आणि वरच्या थरातली थंड हवा यांची गाठ नेमकी याच दिवसांत पडते, आणि तेव्हा आपला वेल फुलावर असतो. जाळी परवडली तर घालावी. नाहीतर आठ-दहा रोपे पिशव्यांत मागे ठेवावीत, म्हणजे आळे रिकामे राहत नाही.

होळी जवळ आली आणि पेरा झालाच नसेल, तर गवार आणि चवळी घ्यावी; दोन्हींना ऊन सोसते, पाणीही कमी लागते. पालेभाजीत मेथीऐवजी राजगिरा किंवा माठ टाकावा. दुधी-दोडक्याचे बी मात्र तसेच डब्यात ठेवावे आणि जूनच्या पावसावर लावावे.