उतरण्यासाठी आधी चढावं लागलं

माझी सायकल पुण्यातल्या गॅलरीत उभी आहे. मागच्या पिशवीवरची सरचूची माती मी मुद्दाम पुसलेली नाही.

मनाली ते लेह सायकलने जायचं, हे माझं आणि भाच्याचं जुनं स्वप्न. वर्षभर दर रविवारी आम्ही सिंहगडाचा घाट चढलो. पाय तयार झाले. पण विरळ हवेची सवय फक्त उंचीवर मुक्काम करूनच होते, हे वाचलं होतं, पटलं नव्हतं.

जुलै २०१८. तंबू, स्टोव्ह, पंक्चरचं सामान सायकलींवर बांधून आम्ही रोहतांग ओलांडला आणि जिस्पाला पोहोचलो. उंची सुमारे ३,२०० मीटर. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. पण परतीच्या विमानाची तिकिटं काढलेली! "एक दिवस वाचवू," मी म्हणालो. मधला पटसेओचा मुक्काम गाळला आणि थेट झिंगझिंगबार गाठलं. एका दिवसात हजार मीटर.

रात्री भाचा म्हणाला, "मामा, डोकं जरा जड झालंय." मी गोळी दिली. सकाळी त्याने बिस्किटाला हात लावला नाही. तरी निघालो. भागा नदीचा उगम असलेलं सूरजताल लागलं, तेव्हा फोटोचा एवढा वेडा मुलगा, पण त्याने कॅमेरा काढला नाही. मी तेव्हा थांबायला हवं होतं.

बारालाचा ला ओलांडून सरचूला पोहोचलो. तंबूच्या दोरीची साधी गाठ त्याला बांधता येईना. उलट्या सुरू झाल्या. चालताना झोक जायला लागला, बोलणं बरळल्यासारखं. मेंदूला सूज येत असल्याची ही लक्षणं. ढाबेवाली म्हणाली, "इसे नीचे ले जाओ, अभी।"

पण खाली कुठे? सरचू दोन खिंडींच्या मध्ये. पुढे लाचुलुंग ला पाच हजार मीटरच्या वर, मागे बारालाचा ४,८९० मीटर. उतरण्यासाठी आधी चढणं भाग होतं. एका ट्रकवाल्याने केबिनमध्ये जागा दिली, शेजारच्या तंबूवाल्यांनी ऑक्सिजनचा सिलिंडर. सायकली तिथेच टाकल्या. त्या अंधाऱ्या वळणांवर भाच्याला मिठीत धरून मी त्याला सारखा त्याचं नाव विचारत होतो.

पहाटे केलाँगच्या डॉक्टरांनी विचारलं, "सिरदर्द कब से था?" मी मान खाली घातली.

दोन दिवसांनी तो नीट बोलला, "मामा, सायकली कुठायत?" मला रडू आवरलं नाही.

बहिणीला फोन केला. शब्द फुटेना. सगळं ऐकून ताई एवढंच म्हणाली, "लेह काय पळून जातंय का रे?"

डोकं दुखत असताना आणखी वर चढू नये. झोक जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावं. हे आता मी सोबत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि परतीचं तिकीट मात्र काढत नाही.