आधी वजाबाकी

पाच फूट एक इंच उंचीच्या बाईने मोटारसायकल बघायला आलेय म्हटलं, की शोरूममधला मुलगा आपसूक स्कूटरच्या रांगेकडे वळतो. स्कूटर मी वीस वर्षं चालवली होती. आता गिअरची गाडी हवी होती. मागे रेलून, घाई न करता साताऱ्यापर्यंत जाता यावं आणि सिग्नलला दोन्ही तळवे सपाट जमिनीवर टेकावेत, एवढीच अट. या दुसऱ्या अटीने बाजारातल्या बहुतेक गाड्या बाद केल्या. साध्या मोटारसायकलची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आसपास असते. माझा एक पाय टेकतो तेव्हा दुसरा हवेत असतो. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० च्या जुन्या मॉडेलची सीट ७१० मिलिमीटरवर. नऊ सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण भर रस्त्यात दीडशे किलोची गाडी कलंडायला लागली की तो कळतो.

या गाडीचं घराणं आपल्या आकुर्डीचंच. बजाजने कावासाकीच्या साथीने २००१ मध्ये १७५ सीसीची ‘एलिमिनेटर’ आणली. २००५ मध्ये तिच्या बांध्यात पल्सरचं १८० सीसीचं इंजिन बसलं आणि तिचं नाव अ‍ॅव्हेंजर झालं. पुढे २०० आणि २०१० मध्ये २२०. नवी घेण्याची ऐपत नव्हती असं नाही, पण गुडघे आणि पाठ या बसण्याला कितपत साथ देतील हे कळत नव्हतं. म्हणून जुनी शोधायची ठरवली. २०१४ ची एक धायरीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली.

सापडली म्हणजे काय, ती लपणं शक्यच नव्हतं. खांद्याच्या वर गेलेलं माकडहँडल, कवटीच्या आकाराचे आरसे, पुढे चार एलईडी दिवे, दोन्ही बाजूंना झालरीच्या कातडी पिशव्या, आणि आकड्यांतून ‘दादा’ वाचायला लागावं अशी नंबरप्लेट. सायलेन्सर असा, की सुरू केल्यावर दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी आपटली. विकणारा मुलगा पंचविशीतला. ‘‘काकू, नुसत्या मॉडिफिकेशनला तीस हजार घातलेत,’’ तो म्हणाला. हे त्याने माझ्याकडे न बघता माझ्यासोबत आलेल्या मिस्त्रीमामांना सांगितलं. मामा माझी स्कूटर पंधरा वर्षं सांभाळत आलेत. त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. वाकून इंजिनावर तळहात ठेवला.

‘‘कोमट आहे.’’

‘‘सकाळी दूध आणायला नेली होती.’’

‘‘बरं. मग आम्ही चहा पिऊन येतो. दोन तासांनी बघू.’’

जुनी गाडी बघण्याचा पहिला धडा हा. दुखणं थंड इंजिनात दिसतं. तापलेलं इंजिन एका सेल्फला सुरू होतं आणि थंड असतानाची बरीच खरखर तेवढ्यापुरती झाकते. दोन तासांनी गाडी तिसऱ्या प्रयत्नात उठली. मामा धुराकडे बघत राहिले. निळसर धूर आला असता तर इंजिनात ऑइल जळतंय, म्हणजे निघायचं. निळा आला नाही. टायमिंग चेनची किटकिट होती. ‘‘ऑइल वेळेवर बदललेलं नाही. पण मेलेली नाही गाडी,’’ असा पहिला शेरा मिळाला.

मग त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, ‘‘गाडी चालू राहू दे. न्यूट्रलमध्ये हँडल पूर्ण डावीकडे वळवा. आता उजवीकडे.’’ उजवीकडे वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला. अ‍ॅक्सिलरेटरला माझा हातही लागला नव्हता. मामांनी बोटाने दाखवलं: हँडल फूटभर उंच केलं, पण केबल मूळच्याच लांबीची. वळलं की केबल ताणली जाते आणि गाडी स्वतःच रेस घेते. घाटातल्या वळणावर हे झालं असतं तर? मुलगा पहिल्यांदाच गप्प झाला. त्याच्या तीस हजारांतला सगळ्यात दिमाखदार भाग सगळ्यात धोक्याचा निघाला होता.

पुढचं पटापट झालं. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर तीन-चार वेळा भार टाकला, तर शॉकअपच्या नळीवर ऑइलचं कडं उमटलं. ऑइल सील गेलेलं. टाकीत टॉर्च मारली, तळाला गंज नव्हता. मागच्या टायरच्या बाजूवर बारीक लंबगोलात चार आकडे होते, १९१६, म्हणजे २०१६ सालचा एकोणिसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण रबर नखाने दाबलं तर लाकडासारखं. शेवटी हँडलच्या मानेशी कोरलेला चासी नंबर मामांनी पेट्रोलच्या फडक्याने पुसला आणि मी आरसी बुकाशी एकेक आकडा ताडून पाहिला.

पंचावन्नवर सुरू झालेला सौदा एक्केचाळीस हजारांवर थांबला. ‘‘पैसे द्या, गाडी न्या. नावावर सावकाश करू,’’ मुलगा म्हणाला. त्याला मीच समजावलं की यात त्याचंच मरण आहे. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या लेखी मालक; अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी वर्षापूर्वी दिली, असं सांगून सुटका होत नाही. आरसीवर फायनान्सचा बोजाही होता. कर्ज फिटलं होतं, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवायचा राहिला होता. आधी ते करून आण म्हटलं. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला चौदा आणि घेणाऱ्याला तीस दिवसांची मुदत असते. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा. निघता निघता मामांनी त्याला विचारलं, ‘‘मूळचं हँडल आणि सायलेन्सर कुठाय?’’

‘‘माळ्यावर असेल.’’

‘‘मग काढ की बाबा.’’

धुळीने माखलेल्या त्या दोन वस्तू गोणपाटात गुंडाळून आम्ही आणल्या. या सौद्यातला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच होता, हे मला नंतर कळलं.

पहिले दोन रविवार मामांच्या गॅरेजमध्ये नुसती वजाबाकी चालली होती. माझ्या डोक्यात मात्र बेरीज होती. नवा रंग, गोल आरसे, मोठी विंडशील्ड असं काय काय मोबाइलवर साठवून नेलं होतं. मामा म्हणाले, ‘‘ताई, आधीच्याने जे केलंय ते उतरवू. मग गाडीच सांगेल तिला काय हवंय.’’ कवट्या उतरल्या, पिशव्या आणि त्यांच्या सळ्या उतरल्या, एलईडी उतरले. हेडलाइटचं भांडं उघडलं तर आत वायरींचा गुंता. जागोजागी वायर सोलून नुसती पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली, आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. फ्यूज वारंवार उडत होता, म्हणून कुणीतरी हा कायमचा इलाज केला होता. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. चांदी उडत नाही, वायर जळते, आणि वायर टाकीखालून जाते. मामांनी ती चांदी चिमटीत धरून बराच वेळ मला दाखवली.

दिव्यांच्या क्लिपांपासून सळ्यांपर्यंत सगळं एका पोत्यात भरलं आणि शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. साडेनऊ किलो.

सायलेन्सर बदलताना मामांनी प्लग काढले. या इंजिनाला एका सिलेंडरसाठी दोन प्लग असतात. दोन्हींचं टोक खडूसारखं पांढरं होतं. मोकळ्या सायलेन्सरमुळे वायू झपाट्याने बाहेर पडत होता आणि कार्ब्युरेटर मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल देत होता. हवा जास्त, पेट्रोल कमी. म्हणून इंजिन नको तेवढं तापत होतं. शेजाऱ्यांच्या खिडक्या आपटणारा तो रुबाब आतून इंजिन भाजत होता. माळ्यावरचा सायलेन्सर चढवून दोनशे किलोमीटर चालवल्यावर प्लग पुन्हा काढले, तर कॉफीचा रंग आलेला.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनाशी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येही तेच अधोरेखित केलं. कलम १८२अ प्रमाणे अशा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. रंग आरसीवर नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओत नोंदवावा लागतो. माझी गाडी काळी होती, मी काळीच ठेवली. ‘दादा’ची पाटी जाऊन एचएसआरपी आली.

मग उरलं काय कस्टमाइझ करायला? माझ्या शरीराला गाडी जिथे लागते त्या जागा: तळहात, बैठक आणि पाय. मूळचं हँडल बसवलं. मामांनी मला डोळे मिटून बसायला सांगितलं. खांदे सैल सोडायचे, हात पुढे आणायचे आणि जिथे सहज थांबतील तिथे मुठी वळायच्या. माझ्या मुठी हँडलच्या चार बोटं अलीकडे थांबल्या. क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून हँडल माझ्याकडे झुकवलं, मुठी दोन बोटांनी जवळ आल्या. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर किंचित खाली फिरवले, तशी मनगटं सरळ झाली. हँडल पुन्हा दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. इंजिनाचा आवाज जागचा हलला नाही. गिअर लिव्हर एक खाच खाली उतरवला. या सगळ्याला पाऊण तास लागला आणि एकही नवा पार्ट लागला नाही.

दोन बोटं सीटसाठी राहिली होती. त्यासाठी नाना पेठ. तिथे एका चिंचोळ्या दुकानात रेक्झिनच्या गुंडाळ्यांमध्ये बसलेल्या कारागिराने मला आधी सीटवर बसवलं आणि पाठीमागून बराच वेळ पाहिलं. ‘‘ताई, तुम्ही माकडहाडावर बसताय.’’ बरोबर होतं. साध्या गाडीवर पाय खाली असतात, खड्डा आला की आपण पायांवर थोडं उचलले जातो. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले असतात. उचलता येत नाही, प्रत्येक खड्डा थेट कण्यात चढतो. त्यामुळे या गाडीत सीट हाच निम्मा शॉकअप.

त्याने कव्हरच्या पिना एकेक उचकटल्या. आतला फोम मधोमध बसून वाटीसारखा झाला होता. खडूने त्याने माझ्या बैठकीच्या दोन हाडांच्या जागी दोन गोल काढले, मागे माकडहाडाखाली एक लांबट खूण केली. लांब पात्याची सुरी पाण्यात बुडवून खुणेवरचा फोम पातळ पातळ कापत गेला, दर कापाला तळहाताने दाबून बघत. बसलेल्या वाटीत घट्ट फोमची चकती चिकटवली, वर बोटभर मऊ थर आणि कडेला उतार. मागे थोडा उठाव दिला, म्हणजे पाठ टेकून मी आपोआप पुढे सरकेन. कव्हर न चढवताच तो म्हणाला, ‘‘बसा. दहा मिनिटं उठू नका.’’ त्या गजबजलेल्या गल्लीत उघड्या फोमवर मी दहा मिनिटं बसून राहिले. सातव्या मिनिटाला उजव्या मांडीला कड टोचायला लागली. त्याने पुन्हा सुरी घेतली. तयार सीटवाला हे कधीच करणार नाही. त्याला सीट कळते, बसणारा कळत नाही.

पहिली लांब फेरी वाईची. त्याआधी नवे टायर घातले, स्पोक आवळून मागच्या चाकाचा आऊट काढला. खंबाटकी चढताना गाडीने तक्रार केली नाही. वाईहून पसरणी घाटात मात्र तिचा स्वभाव कळला. दोन चाकांमध्ये १,४७५ मिलिमीटर अंतर असलेली गाडी सरळ रस्त्यावर रेल्वेसारखी जाते, पण आवळ वळणावर आधीपासून विचार करायला लावते. वेग आधी कमी करायचा, नजर वळणाच्या शेवटाकडे, मग हलका गॅस. पाचव्या वळणानंतर जमलं. पाचगणीत उतरले तेव्हा पाठ दुखत नव्हती आणि हाताला मुंग्याही आल्या नव्हत्या. चहाच्या टपरीवर एकाने गाडी निरखून विचारलं, ‘‘कंपनीचीच आहे ना? काही केलेलं दिसत नाही.’’

हिशेब असा: गाडी ४१,०००. दोन टायर ५,४००. चेन-स्प्रॉकेट, ऑइल सील आणि केबल मिळून ६,२००. सीट २,४००. वायरिंग आणि मजुरी ४,०००. म्हणजे वरखर्च अठरा हजार, आणि त्यातला डोळ्यांना दिसणारा एकही रुपया नाही.

तुम्ही जुनी क्रूझर बघायला जाल तेव्हा किती केलंय हे विचारू नका, ते समोर दिसतंच. मूळचं सामान माळ्यावर आहे का, ते विचारा. असेल तर पैसे देण्याआधी खाली उतरवून घ्या.