शहरातील हिरवळी राखण्याचा धंदा

शेतात हरळी माजली म्हणजे शेतकऱ्याच्या कपाळास आठी पडते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून व काश्या वेचून तो तिचा नायनाट करू पाहतो. तीच हरळी शहरात बंगल्यापुढे व गृहसंस्थांच्या आवारात लोक पैसे मोजून लावून घेतात आणि ती जगावी म्हणून माळी ठेवतात. पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे जाणाऱ्यास रोपवाटिकांच्या रांगाच लागतात. त्या पाहून शहरालगतच्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात असा विचार येतो की, आपणही हा धंदा का करू नये? जमीन, पाणी, खत व मजूर यांची पारख ज्यास आहे, त्याने हा धंदा अवश्य करावा, असे आमचे मत आहे. मात्र तो कशावर चालतो व कशाने बुडतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

लावणे व राखणे

हिरवळ लावून देणे हे एकदाचे काम आहे. त्यात रक्कम एकदम हाती येते, म्हणून नवखा मनुष्य त्यासच धंदा समजतो. परंतु लावणीची कामे कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. वर्षभर घर चालविते ती निगा. ज्याच्याजवळ बाराही महिने सांभाळावयाच्या वीस बागा आहेत, तो मोठमोठ्या लावण्या करून मोकळ्या होणाऱ्या मनुष्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो. तथापि लावणी वाईट झाली तर पुढील निगा तोट्यात जाते, हेही तितकेच खरे.

लावणीपूर्वी जमीन वीतभर खोल खणून दगड, विटांचे तुकडे व चुना काढून टाकावा. नव्या इमारतीच्या आवारात माती थोडी व राडारोडा फार, असा प्रकार नेहमी आढळतो. नंतर पाणी देऊन लव्हाळा उगवू द्यावा आणि तो गाठींसह खणून काढावा. हे दोनतीन वेळा करावे. येथे वाचविलेला पंधरवडा पुढे वर्षानुवर्षे खुरपणीच्या रूपाने भरावा लागतो. शेणखत पूर्ण कुजलेले व चाळलेले असावे, कारण कच्च्या खताबरोबर तणाचे बी येते. पाणी साचू नये इतका उतार ठेवून गवत लावावे व वरून रूळ फिरवावा.

हरळीस दिवसाचे निदान सहा तास ऊन पाहिजे. रोपवाटिकांत ‘मेक्सिकन’ या नावाने मिळणारे गवत बारीक पात्याचे व दाट असते. त्याची वाढ मंद, म्हणून कापण्या कमी लागतात. दाट झाडाखाली मात्र कोणत्याही गवताचा हट्ट धरू नये. तेथे सावलीत वाढणारी झाडे लावण्याचा सल्ला मालकास द्यावा.

निगा कशी राखावी

गवत कापताना पात्याच्या उंचीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी काढू नये. फार खाली कापलेल्या गवताची मुळे दुबळी होतात व उघड्या पडलेल्या जागेत तण शिरते. यंत्राचे पाते बोथट असल्यास गवत कापले न जाता फाटते, आणि दुसऱ्या दिवशी सारी हिरवळ करपल्यासारखी तांबूस दिसते. गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग याने १८३० साली काढले. कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. कापड कातरावे तितक्याच स्वच्छपणे गवत कातरले गेले पाहिजे.

युरिया थोडा थोडा, सारखा पसरून द्यावा व लगेच पाणी सोडावे. एके जागी पडल्यास गवत जळते. गवत ठिकठिकाणी पिवळे पडून गालिच्यासारखे हाताने उचलले जाऊ लागले, तर खाली हुमणी आहे की काय ते उकरून पाहावे. उसाच्या शेतात हिच्याशी झुंजलेल्या शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. पहिल्या पावसानंतर कडुनिंब व बाभळीवर जमणारे भुंगेरे रात्री झाडून नष्ट करणे हा उपाय येथेही लागू आहे.

दर ठरविण्याची रीत

या धंद्यात बुडणारे बहुतेक लोक ‘शेजारचा माळी काय घेतो’ ते पाहून दर सांगतात. दर आपल्या स्वतःच्या हिशेबावर ठरवावा. रीत समजावी म्हणून एक उदाहरण घेऊ. पाच गुंठ्यांची हिरवळ कापून कडा छाटण्यास दोन माणसांना प्रत्येकी एक तास लागतो असे धरू. पावसाळ्यात दर आठवड्यास सुमारे १७ व उरलेल्या दिवसांत पंधरवड्यास एक याप्रमाणे १७, अशा वर्षाच्या ३४ फेऱ्या होतात. म्हणजे कापणीचे मनुष्यतास ६८ झाले. आता जाण्यायेण्यास मिळून एक तास लागत असेल, तर दोघांचे आणखी ६८ तास वाटेतच गेले. या तासांची मजुरी तुम्हास द्यावी लागते, पण मालक ती देत नाही. त्याच गल्लीत चार बागा मिळाल्या व त्या एकाच फेरीत उरकल्या, तर प्रवासाचे हे तास प्रत्येक बागेवर १७ च पडतात. म्हणून गावभर विखुरलेल्या दहा बागांपेक्षा एका रस्त्यावरील पाच बागा बऱ्या.

मजुरीवर इंधन, यंत्राचा घसारा, पात्यास धार, खुरपणी, खत व मजुरांचा विमा धरावा. घरच्या मुलांचे श्रमही मजुरीच्या दराने मांडावेत. घरचे श्रम फुकट धरून दाखविलेला नफा हा नफाच नव्हे.

करार लेखी असावा. क्षेत्र किती, कापण्या किती, खत व पाणी कोणाचे, मेलेली झाडे कोणी भरून द्यावयाची आणि पैसे कोणत्या तारखेस मिळावयाचे, इतके त्यात स्पष्ट असले म्हणजे पुष्कळ तंटे टळतात. झाड तोडण्याचे काम मालकाने सांगितले तरी एकदम कुऱ्हाड उचलू नये. शहरी भागास १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. त्यातील परवानगी आधी पाहावी.

पाणी

एक गुंठ्यावर दिवसास पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर सुमारे ५०० लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर पाच गुंठ्यांस चार दिवसच पुरतो. हा हिशेब मालकापुढे करारापूर्वीच मांडावा. गृहसंस्थेत सांडपाणी शुद्ध करण्याची सोय असल्यास ते पाणी वापरावे. नसल्यास हिरवळ लहान ठेवून बाकी जागेत तगर, अडुळसा, जास्वंद, बकुळ, बहावा अशी झाडे लावण्यास सुचवावे. याने आपले काम घटेल अशी भीती बाळगू नये. वैशाखात करपलेल्या मोठ्या हिरवळीचा दोष माळ्यावरच येतो. लहान व हिरवी राहिलेली बाग पुढील वर्षाचा करार आणते.

माती विकू नका

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कित्येक शेतकरी आपल्या रानात गवत वाढवून त्याच्या लाद्या विकतात. लादीबरोबर माती जाते. दोन सेंटिमीटर जाडीचा थर एक एकरातून निघाला, तर सुमारे २८ ब्रास होतो. त्यात मुळ्यांचा भाग वजा केला तरी उरते ती रानातील सर्वांत सकस माती. अशा चारपाच कापण्या झाल्यावर खाली काय उरेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. गवताचा भाव ठरविताना मातीची किंमत कोणी धरीत नाही. ती वाडवडिलांच्या ठेवीतून जाते. लाद्या विकावयाच्याच असतील, तर तलावातील परवानगीने आणलेला गाळ व कुजलेले खत यांचा थर जाड प्लास्टिकच्या कागदावर पसरून त्यावर गवत वाढवावे आणि त्या थराचा खर्च भावात घालावा. इतका भाव मिळत नसेल तर लाद्या दुसऱ्याकडून विकत घ्याव्यात व आपण निगेचेच काम करावे.

ज्यास हा धंदा आरंभावयाचा आहे, त्याने जवळच्या एका रस्त्यावरील दोनतीन बागा वर्षभर सांभाळाव्यात, तासांची वही रोज लिहावी, आणि वर्षाअखेरीस ती वही अनुकूल सांगेल तरच नवे यंत्र घ्यावे. शेत मोडून या धंद्यात पडण्याचे कारण नाही. शेताच्या जोडीस तो चालावा, शेताच्या जिवावर चालू नये.