दुकान, कॉलेज आणि सी.ए.ची परीक्षा

कुरआनची सर्वांत मोठी आयत नमाज किंवा रोजाविषयी नाही. सूरह बकराची ती २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, अशी ताकीद तिच्यात आहे. असे असूनही आपल्या समाजात कापड मोजणारे, शिवणारे व विकणारे हात पुष्कळ आणि हिशेब जाणणारे हात थोडे आहेत. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला, तेव्हापासून ही उणीव अधिकच जाणवते. रिटर्न भरायचे म्हटले की आपला छोटा दुकानदार दुसऱ्याच्या दारात उभा असतो.

आता कामरगाव-कारंजाकडील आपली मुले-मुली कॉमर्सकडे वळत आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु सकाळी कॉलेज, संध्याकाळी दुकान आणि रात्री अभ्यास, हे जमायचे कसे? मुलगा हुशार असूनही बहुधा येथेच थकतो. म्हणून आधी ही परीक्षा आईबापांनी समजून घ्यावी.

सी.ए.च्या पायऱ्या तीन: फाउंडेशन, इंटरमीजिएट व फायनल. फाउंडेशनला बारावीनंतर बसता येते. बी.कॉम.ला किमान ५५ टक्के गुण असतील, तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. ज्याच्या घरी दुकान सांभाळायला दुसरे कोणी नाही, त्याला हा दुसरा मार्ग सोयीचा आहे. वर्षे थोडी अधिक लागतात, पण पदवी तरी हाती राहते.

इंटरमीजिएटचे सहा पेपर असून त्यांचे दोन गट आहेत. प्रत्येक पेपरला ४० आणि गटाच्या बेरजेत ५० टक्के गुण लागतात. दोन्ही गट एकदम दिलेच पाहिजेत, असे नाही. ज्याला गल्ल्यावर बसावे लागते, त्याने एकेक गट घ्यावा. एखाद्या पेपरात ६० गुण मिळाले आणि गट अडला, तर तो पेपर पुढील तीन परीक्षांपुरता सुटतो. म्हणजे मेहनत वाया जात नाही. उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, उर्दू किंवा मराठीत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांनी भाषेची तयारी आठवी-नववीपासूनच करावी.

इंटरमीजिएटनंतर आर्टिकलशिप येते. २०२३ च्या नव्या नियमांनी ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. तिच्यात आठवड्याला ३५ तास काम असते. त्यामुळे रोजचे कॉलेज, आर्टिकलशिप आणि दुकान ही तिन्ही ओझी एका खांद्यावर टाकू नयेत. पदवी राहिली असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विचार करावा. मात्र त्यासाठी सी.ए. संस्थेची परवानगी आधी घ्यावी.

आता आपल्या धंद्याची खरी अडचण पाहू. परीक्षा पूर्वी वर्षातून दोनदा होत, आता तीनदा होतात: जानेवारीत, मेच्या सुमारास आणि सप्टेंबरच्या सुमारास. एप्रिल-मे म्हणजे ऐन लग्नसराई. गिऱ्हाईक दारात आणि पोरगा पुस्तकात, हे बापाला पाहवत नाही. अशा घरातील मुलाने मेचा हट्ट न धरता सप्टेंबर किंवा जानेवारी निवडावी. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२९ आणि २०३० साली तो जानेवारीत येईल. तेव्हा ईदची गर्दी आणि परीक्षा जवळजवळ येतील. हा हिशेब आजच वहीत मांडून ठेवावा.

मुंबईच्या मालाडमधील एका रिक्षाचालकाची मुलगी प्रेमा जयकुमार ही नोव्हेंबर २०१२ च्या सी.ए. फायनलमध्ये देशात पहिली आली. घर एका खोलीचे होते. तिचा भाऊही त्याच परीक्षेत पास झाला. जालना जिल्ह्यातील शेलगावचा अन्सार शेख हाही रिक्षाचालकाचाच मुलगा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून २०१५ च्या यू.पी.एस.सी. परीक्षेत त्याने वयाच्या २१ व्या वर्षी ३६१ वा क्रमांक मिळविला. त्याचा भाऊ गॅरेजमध्ये काम करून घर चालविण्यास हातभार लावीत होता. या दोन्ही घरांत पैसा नव्हता, पण शिकणाऱ्याला सवड देण्याची तयारी होती.

ती सवड आपणही देऊ शकतो. फजरनंतरचे दोन-अडीच तास दुकानातील कोणत्याही कामासाठी मागू नयेत. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत लग्नकार्याला न जाण्याची मोकळीक असावी. मुलगी शिकत असेल तर स्वयंपाकाचा भार घरात वाटून घ्यावा आणि निकालाआधी तिच्या निकाहाची घाई करू नये. मुलांनीही आठवड्यातून एक संध्याकाळ दुकानाला मनापासून द्यावी. मालाची नोंद व खरेदी-विक्रीची बिले तेथेच शिकायला मिळतात.

बंधूंनो, नोकर पगार देऊन ठेवता येतो. शिकण्याचे वय मात्र गेले की कोणत्याही भावाने परत मिळत नाही. अल्लाह आपल्या मुलांच्या मेहनतीत बरकत देवो.