खाऱ्या वाऱ्याशी गाठ

पुतळा बघताना आपली नजर चेहऱ्यावर जाते, मग तलवारीवर. समुद्रकाठी मात्र तो टिकणार की नाही, हे पोटातला सांगाडा ठरवतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, शिवाजी महाराजांच्या सुमारे ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. एक अख्खा पावसाळाही त्याला काढता आला नाही. त्याआधी सहाच दिवस सार्वजनिक बांधकाम विभागाने पत्र लिहून नटबोल्ट गंजत असल्याचे कळवले होते. पुढे दोष वाऱ्यावर गेला. पण श्रावणातला वारा मालवणला काय नवा?

धातूचा मोठा पुतळा भरीव नसतो. आधी मातीचा नमुना, त्यावरून साचा, मग तुकड्या-तुकड्यांनी ओतकाम, जोडणी आणि कानसकाम. वरचे कवच जेमतेम काही मिलिमीटरचे. भार पेलतो तो आतला सांगाडा. कांस्य आणि साधे लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये खारी ओल शिरली, की तिथे विजेचा घट तयार होतो आणि बळी जातो तो लोखंडाचा. कांस्य वरून ठणठणीत दिसत राहते. साध्या स्टेनलेस स्टीललाही मिठाने खड्डे पडतात. म्हणून किनाऱ्यावर ३१६ दर्जाचे वापरतात, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीनेही हेच भोगले. १८८६ साली उभ्या राहिलेल्या या तांब्याच्या पुतळ्याचा सांगाडा लोखंडी होता. दोन धातूंमध्ये घातलेला अस्तराचा थर झिजला आणि लोखंड गंजून फुगले. शेवटी १९८४ ते १९८६ या काळात लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. तिथे निदान शंभर वर्षे तरी गेली होती!

राजकोटचा नवा कांस्यपुतळा ६० फुटी आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांच्या कार्यशाळेत तो घडला. आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचा. ११ मे २०२५ रोजी त्याचे पूजन झाले.

खरे तर खाऱ्या पाण्यात कोणता धातू तग धरतो, हे मालवणने फार पूर्वी पाहिले आहे. समोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, तेव्हा पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले. खाऱ्या पाण्यात शिशावर स्वतःचाच एक संरक्षक थर धरतो. ट्रॉलरवाले आजही बोटीच्या तळाला जस्ताच्या वड्या लावतात. जस्त झिजते, लोखंड वाचते आणि झिजलेली वडी वेळेवर बदलली जाते.

पुतळ्यालाही अशीच देखभाल हवी. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सांगाडा, वेल्डिंग आणि नटबोल्ट तपासावेत, आणि तो अहवाल राजकोटच्या दारातच मराठीत लावावा.