लेकराच्या हाती पेन्सिल

वेचणीच्या दिवसांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतात जा आणि कापूस वेचणाऱ्या बाईचे हात नीट न्याहाळा. अंगठा आणि शेजारची दोन बोटे जवळ येतात, आणि बोंडातला कापूस अलगद सुटून येतो. त्यात ना जोर, ना ओढाताण. पेन्सिल धरण्याची रीतही जवळपास हीच आहे. मग शाळेत तीच गोष्ट लेकराला एवढी जड का जाते?

कारण आपण घाई करतो. जन्माच्या वेळी बाळाच्या मनगटात पक्के हाड नसते, असते ती मऊ कूर्चा. पुढे वर्षानुवर्षे तिचे एकेक हाड होत जाते. दीड-दोन वर्षांचे मूल खडू मुठीत धरून रेघोट्या ओढते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पेन्सिल मुठीतून बोटांत येते, आणि पाच-सहा वर्षांचे होईतो बहुतेकांची बोटे सुटी चालू लागतात. हा क्रम निसर्गाचा आहे. तीन वर्षांच्या पोराकडून पानभर ‘अ आ इ’ गिरवून घेणे म्हणजे पेरणी होताच पीक मागणे!

ही गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखली. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी बालवाडीचे काम केले. महागडी साधने न आणता शंख-शिंपले, बिया, खडे अशा भोवतालच्या वस्तूंनीच त्यांनी मुलांच्या हाताला वळण लावले. आधी हात तयार व्हावा, अक्षर मागून येतेच, हे त्यातले मर्म.

आपल्या घरीही हे सहज जमते. लेकराला तुरीच्या शेंगा सोलू द्या, कणकेच्या गोळ्या वळू द्या, चिमटीने रांगोळी सोडू द्या, मातीचे बैल करू द्या. अगदी लहान पोर मात्र दाणा नाका-तोंडात घालते, तेव्हा जवळ मोठे माणूस हवेच.

आता प्रत्यक्ष पेन्सिल. बोटभर लांबीचा तुकडा बरा. आखूड तुकडा मुठीत मावतच नाही, म्हणून बोटे आपोआप पुढे येतात. टोकापासून सुमारे अडीच सेंटीमीटर वर अंगठा आणि तर्जनीने धरावे, खालून मधल्या बोटाचा टेकू द्यावा, आणि मागचा भाग अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात विसावू द्यावा. उरलेली दोन बोटे मिटून राहत नसतील, तर त्यांच्याखाली कापसाचा लहानसा बोळा द्या आणि म्हणा, “हा पडू देऊ नकोस बरं!” पोर हसत हसत शिकते. कोणी चार बोटांनी धरले, पण हात दुखत नाही आणि अक्षर वाचता येते, तर त्याला उगीच छळू नये.

डावखुऱ्या मुलांविषयी मात्र कळकळीने सांगतो, कारण मी स्वतः तसाच. पहिलीत माझ्या उजव्या हातात पेन्सिल कोंबली गेली आणि बोटांच्या पेरांवर पट्टी बसली. एक दिवस आजी शाळेत येऊन म्हणाली, “लेकराचा हात दुखते, मास्तर.” पट्टी थांबली, पण शाळेचे भय काही वर्षे मनातून गेले नाही. डावरेपण हा दोष नव्हे. अशा मुलाची वही किंचित उजवीकडे तिरपी ठेवा आणि पेन्सिल जरा वर धरू द्या, म्हणजे लिहिलेले त्याला दिसते व हाताने पुसले जात नाही.

आज महाविद्यालयात मी उत्तरपत्रिका तपासतो. एखाद्याला विषय उत्तम येतो, पण पेन्सिल आवळून धरायची लहानपणची सवय तशीच राहिलेली असते. तीन तासांत हात भरून येतो आणि शेवटचे प्रश्न कोरे राहतात. ते कोरे पान पाहिले की त्याची पहिली पाटी माझ्या डोळ्यांपुढे येते.

तेव्हा गुरुजींनो, बाईंनो, आणि घरच्या मायबापांनो, लेकराचे अक्षर तपासण्याआधी क्षणभर त्याचा हात पाहा. बोटांची टोके पांढरी पडली असतील, तर पेन्सिल काढून घ्या आणि म्हणा, “जा बाळा, थोडं खेळून ये.” खेळून मोकळा झालेला हात परत लिहायला येतो, मार खाल्लेला हात पाटीपासून दूर पळतो.