बालकांचा व्यायाम : निषेध नेमका कशाचा?

चाकण-भोसरी पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास एक तक्रार नित्य ऐकावी लागते : "डॉक्टर, पोरगं लगेच दमतं, शक्तीचं औषध द्या." आईवडील पाळीवर, मूल एका खोलीत दूरदर्शनसमोर आणि दाराबाहेर कंटेनरची रांग. अशा बालकासाठी च्यवनप्राशाची बरणी देणे सोपे. ती खपतेही, हे आपले औषधविक्रेते बंधू जाणतात. पांडू, कृमी, तमकश्वास व हृद्रोग वगळल्यावर मात्र या दमण्याचे कारण बहुधा अव्यायामच आढळते.

येथे काही वैद्य वाग्भटांचा आधार देऊन बालकास व्यायाम वर्ज्य सांगतात. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्तरोगी, वृद्ध व अजीर्णी यांच्यासमवेत बालकाचीही गणना आहे, हे खरे. परंतु चरकमते बाल्य १६ वर्षांपर्यंत. मग पंधरा वर्षांच्या मुलाने धावूच नये काय? माझ्या मते निषेध आहे तो अपरिपक्व धातूंवर लादलेल्या श्रमाचा, क्रीडेचा नव्हे. बालकाची खेळणी कशी असावीत, हे चरकसंहितेच्या शारीरस्थानातच सांगितले आहे.

आधुनिक निरीक्षणही उद्बोधक आहे. फ्रान्स व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या मुलांची तुलना प्रौढांशी केली. सायकलीवरील तीव्र श्रमानंतर या मुलांची हृद्गती मुरलेल्या क्रीडापटूंपेक्षाही त्वरेने पूर्ववत झाली. बालकाचे स्नायू प्राणवायूवर अधिक विसंबतात, हे त्याचे एक कारण. वयात येताना हा निसर्गदत्त लाभ ओसरू लागतो. तो पुष्कळसा टिकतो नियमित सरावाने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल सांगितली, ती उगाच नव्हे.

इंद्रायणीनगरात सिंथेटिक धावनपथ आहे, पण चाकणच्या भाड्याच्या खोलीतील मुलास तो दूरच. त्यास दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, जिना पुरे. मात्रा अर्धशक्तीची : कपाळ, नाक, काख येथे घाम व मुखास कोरड आली की थांबावे. ग्रीष्म-वर्षेत त्याहूनही अल्प. श्रमानंतर लगेच व पुन्हा एका मिनिटाने नाडी मोजून नोंद ठेवावी. दर महिन्यास त्याच मुलाच्या आधीच्या नोंदीशी तुलना करावी, शेजारच्या मुलाशी नव्हे.

उलट टोकही या परिसरात दिसते. तालमीत वा अकादमीत दोन्ही वेळ राबणारे मूल निद्रानाश, तृष्णा, वारंवार ज्वर घेऊन येते. तेथे बल्य कल्पाआधी आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती लिहून द्यावी, आणि ती वस्तादांच्या नावे चिठ्ठीवर द्यावी. पालकांच्या तोंडी निरोपास तेथे कोणी विचारत नाही.